लोखंड, चुना नि मीठ

पहिल्या भेटीत अक्कानं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जातपात तर नाहीच. आम्ही नवराबायको जळगावात बिऱ्हाडासाठी जागा शोधत तिच्या दारात उभे होतो. हे कापसाच्या जिनिंगमध्ये नुकतेच कारकून म्हणून लागले होते. अक्का ओसरीवर तांदुळजा निवडत बसली होती. ती उठली, पदराला हात पुसले, सरळ माझ्यापुढे आली आणि अंगठ्यानं माझ्या उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं. मग डावी पाहिली.

"पोर पांढरी शे," ती यांच्याकडे वळून म्हणाली. "इले काय खावाले देतस तुम्ही?"

कल्हई गेलेलं भांडं दुकानदाराला परत दाखवावं तसा तिचा आवाज होता. हे गडबडले. लग्नाला तेव्हा दोन वर्षं होऊन गेलेली, आणि बायकोला काय खायला देतो असा प्रश्न यांना कोणी विचारला नव्हता. माझी सासू नशिराबादला, मी शिरपूरकडची. आमच्या दोन्ही घरांत बाईनं काय खाल्लं हा विषयच नसे. तिनं रांधलं काय, एवढंच पाहिलं जाई.

"उद्यापासून या राहाले," अक्का म्हणाली आणि पुन्हा तांदुळज्याकडे गेली. जागा आम्ही अजून पाहिलीसुद्धा नव्हती.

तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. माहेर साक्रीकडचं, त्यामुळे जळगावात चाळीस वर्षं काढूनही बोली तिकडचीच राहिली होती. घर धाब्याचं, मातीच्या जाड भिंतींचं. पुढं दोन खोल्या आम्हाला, मधल्या भागात ती, आणि मागं अंगणाकडे दार असलेली एक लहान खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ कोणी दिसत नसे, आणि त्याबद्दल गल्लीतही कोणी बोलत नसे.

पापणी ओढून पाहायची तिची खोड गावाला माहीत होती. दूधवाली आली की आधी पापणी, मग दूध. पत्र घेऊन येणारा पोस्टमन आमच्या दारात आला की स्वतःच वाकून डोळा पुढं करायचा. नखंही ती बघायची. कोणाच्या घरी हळदीकुंकवाला गेली तर कुंकू लावून घ्यायच्या आधी यजमानिणीची बोटं उलटीसुलटी करून पाहायची. लोक हसायचे. तिला त्याचं काही वाटत नसे.

एकदा शेजारच्या घरी मुलगी पाहायला पाचोऱ्याची मंडळी आली. मुलाची आई भारी लुगडं नेसून पाटावर बसलेली. मुलीला चालून दाखव, हात दाखव, असं चाललं होतं. अक्का कोपऱ्यात बसली होती. ती उठली, आणि मुलीला सोडून मुलाच्या आईचीच पापणी ओढली.

"तुम्हीच पांढऱ्या शेतस, बाई," ती म्हणाली. "पोर लाल शे. आते पोरनी तुमले पसंत करानं का नही, ते तिले इचारा."

 लग्न मात्र ठरलं. पुढं त्या बाईच गुपचूप अक्काकडे येऊन अळीव कसा शिजवायचा ते विचारून गेल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस म्हंजे लोखंड, चुना नि मीठ. बाकी बठ्ठं पानी शे." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिला अक्षरओळख नव्हती. जे होतं ते चुलीपुढं बसून, पाहून पाहून मिळवलेलं. चुना म्हणजे तीळ, नागली आणि ताक. नागली, म्हणजे नाचणी, तिच्या माहेराहून, साक्रीच्या डोंगराकडून यायची. मीठ म्हणजे मीठच. आणि लोखंड म्हणजे तिची कढई.

ही कढई म्हणजे घरातलं थोरलं माणूसच होतं. काळीकुळकुळीत, दोन कान, बुडाशी जड. भाजी मग ती तांदुळजा असो, अंबाडी असो की केळफूल, त्याच कढईत व्हायची, आणि झाली की पितळेच्या पातेल्यात काढायची नाही, कढईतच थोडी मुरू द्यायची. खाताना त्यावर लिंबू. माझ्या माहेरी भाजी काळी पडली की बाईला गबाळी म्हणत. इथं भाजी काळी पडली नाही तर अक्का नाराज.

आणि चहा. तेव्हा जळगावात चहा नवीनच रुळत होता आणि यांना त्याचा भारी शौक. पहिल्याच आठवड्यात अक्कानं आम्हा दोघांना चुलीपुढं बसवलं. स्वच्छ घासलेल्या कढईत थोडा चहा ओतला. पाहता पाहता चहा शाईसारखा काळा झाला. तो फेकून दिला, कढईत लिंबू पिळलं आणि बोटानं घासलं. घासलं तिथं लोखंड उजळून निघालं.

"देखं? चहा नि लोखंड, दोन्हीसनं पटत नही. लिंबूनं पटस. कढईमा पटत नही ते पोटमा कसं पटी?"

 त्या दिवसापासून घरात चहा बंद. हे जिनिंगमधून येताना बाहेरच चहा घ्यायचे आणि तोंडात लवंग टाकून घरात शिरायचे. अक्का त्यांना काही म्हणायची नाही. "त्याले चालस. त्यानं रगत कुठं जास?" एवढंच माझ्याजवळ पुटपुटायची.

आता त्या मागच्या खोलीचं सांगते.

अक्का विटाळाच्या बाबतीत गल्लीत सगळ्यांत कडक. शेतकऱ्याच्या घरात इतकं कोणी पाळत नसे, कामं कोण करणार मग. पण अक्काच्या घरात बाई बाहेर बसली की तीन दिवस मागच्या खोलीत, गोणपाटावर. तिची सावली अंगावर पडली तरी अक्का डोक्यावरून आंघोळ करायची, मग थंडी असो की ताप. मला राग यायचा. एवढी शहाणी बाई, आणि इथं आली की आमच्या सासूच्या वरचढ.

पण एका गोष्टीत तिनं सगळं उलटं करून टाकलं होतं. आमच्याकडे, म्हणजे माहेरी काय नि सासरी काय, बाहेर बसलेल्या बाईला सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं मिळे. शिळी भाकर, वर चटणीचा गोळा. तूप नाही, दूध नाही, आणि घरच्या कढईतली भाजी तर नाहीच, कढई बाटते म्हणून. एका कोपऱ्यात जर्मनची थाळी, ती पायानं सरकवायची. म्हणजे ज्या दिवसांत अंगातून रक्त जातं, नेमक्या त्याच दिवसांत बाईला सगळ्यांत कमी खायला. मी पंधरा वर्षांची झाल्यापासून हेच पाहत आणि खात आले होते आणि त्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

अक्काकडे पहिलं वाढप बाहेर बसलेल्या बाईचं. कढईतली भाजी आधी तिला, वरून, हात न लावता. मग घरातल्यांना. एकदा कीर्तनाला आलेल्या बुवांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, कढई बाटली." अक्का म्हणाली, "लोखंडले इटाळ लागत नही." असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. "कढईमा," ती म्हणाली, आणि बुवांना त्याच कढईतली भाजी वाढली. बुवांनी खाल्ली. भाजी चांगलीच झाली होती.

माझं दुखणं त्या खोलीतच तिच्या नजरेस पडलं. मला कावळा शिवायच्या आदल्या दिवसापासून पोटात, कमरेत, थेट मांडीपर्यंत कळा येत. साध्या कळा नव्हेत. आतून कोणी पीळ घालून ओढतंय असं वाटे. उलट्या होत, डोळ्यांपुढं अंधार येई. दोन दिवस मी उठूच शकत नसे. माहेरी आई म्हणायची, लग्न झालं की जाईल. लग्न झाल्यावर सासू म्हणाली, मूल झालं की जाईल. मूल होत नव्हतं. मग सासू म्हणू लागली की कामाच्या दिवसांत बरोबर दुखतं हिचं. मी नाटक करते असं माझ्या तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं, पण मागं म्हणत असत. ऐकून ऐकून कधी कधी मलाच वाटायचं, की खरंच एवढं दुखतंय की मीच वाढवून घेतेय.

आमच्या बिऱ्हाडाचा दुसरा का तिसरा महिना असेल. मी भिंतीला टेकून बसले होते. अक्का घर पांढऱ्या मातीनं दर पंधरवड्याला सारवायची, भिंतीसुद्धा. या खोलीची भिंतही नुकती सारवलेली, मातीचा ओला वास येत होता. पण माझ्या उजव्या हाताशी, बसल्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर, एक लिंबाएवढा खळगा होता. तेवढाच सारवायचा राहिलेला. गुळगुळीत, बोटानं कोरल्यासारखा. कळेच्या भरात माझं बोट त्या खळग्यात गेलं, नखानं माती निघाली, आणि मी ती तोंडात टाकली. हे काही मी पहिल्यांदा करत नव्हते. शिरपूरला असताना चुलीची भाजकी माती चोरून खायचे. आईनं एकदा जीभ तापल्या पळीनं चटकवली होती.

दारात अक्का उभी होती, हातात पळी. वाढायला आली होती. मी माती गिळली आणि मान खाली घातली.

ती ओरडली नाही. पळी खाली ठेवली आणि उंबऱ्याच्या बाहेर बसली.

"कव्हयपासून खास?"

"लहानपणापासून," मी म्हणाले.

ती भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "तो खड्डा मन्ही आंडेरना बोटना शे."

आंडेर म्हणजे मुलगी. तिला मुलगी होती हे मला त्या दिवशी कळलं. एकच मुलगी. ती बाहेर बसली की याच जागी बसायची, कळांनी तळमळायची, आणि भिंतीतली माती खायची. अक्का तेव्हा इतर बायकांसारखीच होती. शिळी भाकर सरकवायची. माती खाताना पाहिलं की हातावर पळी मारायची. पोरीचं लग्न झालं. सासरच्यांनी दोन वर्षांत परत आणून घातली, दर महिन्याला झोपून राहणारी सून कोणाला हवी. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापात ती गेली. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. कागदासारखी पांढरी झाली होती, अक्का म्हणाली.

"तिना अंगमा लोखंड नव्हतं, पोरी. म्हनीसन ती माती खाये. मातीमा काय ते ती शोधे, नि मी तिले मारू. माले समजनं तव्हय ती गई व्हती."

तो खळगा ती दर वेळी वगळून सारवायची. बुजवायला जीव होत नाही, म्हणाली. मग डोळे पुसले, पळी उचलली आणि भाजी वाढली. "खाय. बठ्ठं खाय. भिंतले आते हात लावू नको."

त्यानंतर पाच महिने अक्कानं माझ्यावर जे केलं ते सख्ख्या आईनं केलं नसतं, आणि सख्ख्या आईला मी ते करूही दिलं नसतं. सकाळी लोखंडाची सळई चुलीत लाल करायची आणि ताकाच्या वाटीत बुडवायची. छन्न असा आवाज व्हायचा आणि घरभर वाफ. ते ताक मी प्यायचं. मग गुळातला अळीव. दुपारी नागलीची भाकर, कढईतली पालेभाजी, लिंबू. केळफूल मिळेल तेव्हा केळफूल. मूठभर तीळ पदराला बांधून द्यायची, येता जाता चावायला. कळा थांबाव्यात म्हणून गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात घालून द्यायची, पोटात पीळ पडतो तो चुना कमी पडल्यानं, असं तिचं म्हणणं. मी कंटाळले. एकदा तिच्या डोळ्यांदेखत ताक मोरीत ओतलं. तिनं पुन्हा सळई तापत घातली.

पाचव्या महिन्यात तिनं माझी पापणी ओढली आणि हसली. मी तिला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला हाताला धरून गल्लीत नेलं आणि घरोघर माझ्या पापण्या दाखवल्या. "देखा, लाल." मीही खूश होते. खोटं कशाला बोलू, मला खरंच बरं वाटत होतं. पाणी भरताना धाप लागत नव्हती. माती खायची वासना गेली होती. केस गळायचे थांबले होते.

फक्त दुखणं तिथंच होतं. तसंच्या तसं.

हे मी तिला सांगितलं नाही. कसं सांगणार? ती दर महिन्याला उंबऱ्यापाशी येऊन विचारायची, "कमी शे ना?" आणि मी म्हणायची, "कमी आहे, अक्का." तिचा चेहरा उजळायचा. तो उजळलेला पाहण्यासाठी मी दोन महिने गोधडीचा कोपरा दातांत धरून कळा काढल्या. आवाज येऊ दिला नाही. चौथ्या दिवशी मी आंघोळ करून आले तर अक्का अंगणात माझी धुऊन वाळत घातलेली गोधडी हातात घेऊन उभी. कोपरा पार चावून चिंध्या झालेला.

"तू माले खोटं सांगं," ती म्हणाली.

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताकात एकीच्या जागी दोन सळया बुडवल्या.

त्याच सुमारास सासूबाई बाजाराच्या निमित्तानं बैलगाडीनं नशिराबादहून आल्या. नेमक्या माझ्या बसायच्या दिवशी. खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी मला पाहिलं आणि पलीकडे मधल्या खोलीत जाऊन यांना म्हणाल्या. भिंती मातीच्या जाड असल्या तरी मला सगळं ऐकू आलं.

"दर महिन्याले चार रोज लोळते. तीन वर्स झाली, कूस उजवली नाई. माझ्या पोराचा संसार का दुखण्याले वाहू मी? आखाजीले माहेरी जाईल, तं तिकडेच राहू दे तिले. मंग दुसरं पाहू."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मला त्या वर्षी झोक्याचं नाव नको झालं. आखाजीला महिना उरला होता. हे काय म्हणाले ते ऐकायला मी कान भिंतीला लावला. हे काहीच म्हणाले नाहीत. माणूस वाईट नव्हता, पण आईपुढं यांची जीभ टाळूला चिकटायची. ते न बोलणं मला कळांपेक्षा जास्त लागलं.

अक्कानं ते ऐकलं होतं. सासूबाई गेल्यावर ती उंबऱ्याशी आली.

"मन्ही आंडेरले बी असंच पाठवं," एवढंच बोलली.

चार दिवसांनी ती मला घेऊन धुळ्याला निघाली. तिथं बायकांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई असल्याचं तिनं दूधवालीकडून काढलं होतं. चाळीसगावला गाडी बदलून धुळं. अक्का जन्मात दुसऱ्यांदा आगगाडीत बसत होती, आणि तिच्या काखोटीला फडक्यात बांधलेली कढई होती. मी म्हटलं, अक्का, कढई कशाला? म्हणाली, "डॉक्टरीणले दाखाडानी शे." डब्यातल्या बायका आम्हाला कल्हईवाल्या समजल्या.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या. आधी अक्कानं त्यांची पापणी पाहिली. त्यांनी पाहू दिली. मग अक्कानं टेबलावर कढई ठेवली आणि चहाचं, लिंबाचं, सळईचं, मातीचं, सगळं सांगितलं. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सगळं ऐकून म्हणाल्या, "बाई, मी हे पुस्तकात वाचलं, तुम्ही कढईत पाहिलंत."

मग त्यांनी मला आत नेऊन तपासलं. बराच वेळ तपासलं, कुठं दाबल्यावर कसं दुखतं ते विचारलं. जन्मात पहिल्यांदा कोणी तरी मला कसं दुखतं असं विचारत होतं, तर मला सांगताच येईना, नुसती रडत राहिले.

बाहेर येऊन त्या अक्काला म्हणाल्या, "हिचं रक्त चांगलं आहे. ते तुमच्या कढईनं केलं. पण हिचं दुखणं वेगळं आहे. पाळीचं रक्त जिथं साठू नये अशा जागी आत साठतं, तिथं गाठी धरतात. मुंबईला मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करतात, पण गुण येईलच असं मी सांगू शकत नाही. औषध माझ्याकडे नाही. मूल होणंही कठीण आहे."

अक्कानं विचारलं, "मन्हं लोखंड कमी पडनं का, बाई?"

"नाही. जेवढं जात होतं तेवढं तुम्ही भरून काढलंत, म्हणून ही उभी आहे. खाणं सोडू नका. पण लोखंडानं, चुन्यानं रक्त भरतं, ताकद येते. हे दुखणं त्यानं जात नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि हिचं दुखणं खरं आहे. पुष्कळांना वाटतं या बायका ढोंग करतात. ढोंग नाही ते."

परतीच्या वाटेवर चाळीसगावला मी भाकर सोडली, तिनं तुकडाही मोडला नाही. मला वाटलं, आपलं लोखंड हरलं म्हणून रुसली असेल. गाडी सुटल्यावर ती मांडीवरच्या कढईकडे पाहत म्हणाली,

"ती म्हने, माय, दुखस. मी म्हनू, नाटक करस."

मी तिच्याकडे पाहिलं.

"वीस वरीस मी समजू, की तिले खावाले नही दिनं एवढीच मन्ही चूक. लोखंड दिनं ऱ्हातं ते दुखनं गयं ऱ्हातं. तसं नही व्हतं, पोरी. ती खरं बोले. ती तव्हय बी खरंच बोले."

तिनं तोंडावर पदर घेतला. मी तिचा हात धरला आणि जळगाव येईपर्यंत सोडला नाही. इतकी वर्षं तिनं अख्ख्या गावाच्या पापण्या ओढल्या त्या एका चुकीची भरपाई म्हणून, आणि आज तिला कळलं होतं की चूक दुसरीच होती. कढईनं ती भरून येणार नव्हती. मला माझ्या दुखण्यापेक्षा त्या वेळी तिचंच वाईट वाटत होतं.

माझं म्हणाल तर डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द खरा ठरला. मुंबईला आम्ही काही गेलो नाही. मूल झालं नाही. दुखणं पाळी जाईपर्यंत साथीला राहिलं आणि पाळीबरोबरच गेलं. मी आजही भाजी लोखंडातच करते आणि चहा जेवणाच्या वेळेपासून लांबच घेते. अक्का जाऊन आता खूप वर्षं झाली. शेवटी शेवटी ती आपली पापणी मला पाहायला लावायची, आणि मी लाल आहे म्हटलं की म्हणायची, तुले खोटं बोलता येत नही.

पण तिची आठवण निघाली की मला ते सगळं दिसत नाही. दिसतो तो आखाजीच्या आधीचा, माझ्या बाहेर बसण्याचा दुसरा दिवस.

सासूबाई मला न्यायला आल्या होत्या. म्हणजे शिरपूरच्या गाडीला घालून द्यायला. माझी वळकटी बांधून ठेव म्हणून यांना सांगून, त्या मागच्या अंगणात आल्या. मी कळांनी दुमडून पडले होते. हे अंगणाच्या दारात उभे, हातात माझी पेटी. अक्का चुलीपुढून उठून आली.

"अक्का, तुमीच सांगा हिले," सासूबाई म्हणाल्या. "उठून बस म्हना. गाडी चुकंन."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मग ती उंबरा ओलांडून आत आली. मला आधी कळलंच नाही. सावली पडली तर आंघोळ करणारी ही बाई माझ्या गोणपाटावर बसली, माझं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि लुगड्यावरूनच माझ्या ओटीपोटावर हात ठेवला. सासूबाईंच्या तोंडून "अक्का, इटाळ" एवढंच निघालं.

"दुखस तिले," अक्का म्हणाली. आवाज चढवला नाही. "खरंच दुखस. धुळानी डॉक्टरीण बी तेच सांगस. मन्ही आंडेर बी सांगे, मी ऐकं नही. तू ये. हात लाव. मंग काय ते ठरव."

सासूबाई उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या.  मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, आत आल्या आणि वाकून माझ्या पोटावर हात ठेवला. तेवढ्यात कळ आली. पोट दगडासारखं घट्ट झालं, ते त्यांच्या तळहाताखाली झालं. त्यांनी हात मागं घेतला नाही. कळ ओसरेपर्यंत तसाच ठेवला.

"असं दर महिन्याले होते?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. दारात यांनी पेटी खाली ठेवली. आणि यांचा आवाज आला, "आई, ती कुठं जाणार नाही." एवढंच बोलायला यांना तीन वर्षं लागली, पण बोलले.

सासूबाई सरळ उभ्या राहिल्या. "आखाजीले जाय माहेरी, बरं वाटलं म्हंजे," त्या मला म्हणाल्या. "पन आठ रोजांत परत ये." आणि मोरीकडे आंघोळीला गेल्या. डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज मला ऐकू आला.

अक्का उठली नाही. तिच्यासाठीही चुलीवर पाणी तापलं होतं. मी म्हटलं, "अक्का, आंघोळ करून घ्या. पाणी थंड होईल."

"होवू दे," ती म्हणाली.

ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत ती तशीच बसून होती. तिचा एक हात माझ्या पोटावर होता. दुसरा, भिंतीतल्या त्या खळग्यावर.